मालिकेत नसलेला भाग

औशाच्या रस्त्याला सोयाबीनची मळणी सुरू झाली की लातूरच्या हवेत बारीक भुसा तरंगू लागतो. शाळेतून परतताना तो एसटीच्या काचेवर दिसतो, घरी आल्यावर दोरीवरच्या कपड्यांना चिकटलेला असतो, आणि संध्याकाळी टीव्हीच्या पडद्यावर त्याचा पातळ थर बसलेला असतो. मी ओल्या फडक्यानं पडदा पुसते. दूर कुठंतरी मळणीयंत्राची घरघर चालू असते. आभाळाचं या दिवसांत काही खरं नसतं. सकाळी लख्ख ऊन, आणि दुपार कलताना उत्तरेकडून काळ्या ढगांची भिंत चालून येते, वारा एकदम थांबतो, आणि रस्त्याकडेच्या खळ्यांवर माणसं ताडपत्र्या घेऊन पळू लागतात. तो वारा थांबण्याचा क्षण मला सोसत नाही. पावसाला मी भीत नाही. पण हा हंगाम आला की माझा हात आपोआप फोनकडे जातो, आणि काही वर्षांमागची एक सुगी पुन्हा घरात येऊन बसते.

तेव्हा घरात आम्ही दोघंच होतो. मी, औशाजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका, आणि माझे वडील अण्णा, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. मी लग्न केलं नाही; त्याला सांगण्यासारखं काही कारण नाही. धाकटी बहीण सुजाता हदगावला दिलेली. तिचा नवरा सतीश, पंप आणि पाइपांचं दुकान चालवणारा. पण हदगावात त्याला दुकानदार म्हणून कमी आणि गमतीदार माणूस म्हणून जास्त ओळखत. लग्नाचं सूत्रसंचालन असो की शाळेचं स्नेहसंमेलन, माइक त्याच्याच हातात. नकला अशा करायचा की समोरचा माणूस डोळ्यांपुढं उभा राहावा. सुजाताच्या लग्नात त्यानं स्वतःच्याच लग्नाचं सूत्रसंचालन केलं होतं आणि विहाराच्या मंडपात म्हाताऱ्या बायकासुद्धा पदर तोंडाला लावून हसत होत्या. अण्णा तेव्हा मला म्हणाले होते की पोरगी हसत राहील, आणखी काय पाहिजे.

टीव्हीच्या बाबतीत आमच्या घरात दोन पक्ष होते. अण्णा आणि मी विनोदी कार्यक्रमवाले, सुजाता मालिकावाली. ती माहेरी असताना रिमोटवरून रोज भांडण व्हायचं. लग्नानंतर भांडण उरलं नाही, म्हणून मग फोन सुरू झाला. तिची संध्याकाळची मालिका संपली की फोन वाजायचा. "जयभीम अक्का," म्हणायची, "जेवलीस का," विचारायची आणि लगेच त्या दिवशीचा भाग सांगायला लागायची. मी ती मालिका कधी बघत नव्हते. त्या वेळेला आमच्याकडं दुसऱ्या वाहिनीवर विनोदी कार्यक्रम लागलेला असायचा. पण सुजाता गोष्ट अशी सांगायची की बघायची गरजच पडू नये.

मालिकांबद्दल माझं मत तेव्हा वाईट होतं आणि आजही फार सुधारलेलं नाही. त्या बंगल्यांमध्ये कुणी कामाला जात नाही. स्वयंपाकघरात भरजरी साडी नेसून भाजी चिरतात आणि भाजी कधी शिजत नाही. कट करणारी जाऊ भर दिवाणखान्यात मोठ्यानं स्वतःशी बोलते, आणि पडद्यामागं कुणीतरी उभं असतंच. कुणी एक वाईट वाक्य बोललं की घरातल्या प्रत्येकाचा चेहरा एकेक करून दाखवायचा, पुन्हा दाखवायचा, आणि वर ढगांचा गडगडाट. आणि आमची बोली? 'लई' आणि होकाराचा 'हाव' हे शब्द फक्त ड्रायव्हरच्या नाहीतर मोलकरणीच्या तोंडी. ते बोलले की प्रेक्षकांनी हसायचं, एवढाच त्यांचा उपयोग.

माझा खरा आक्षेप मात्र वेगळा होता. त्या मालिकांतली वाईट माणसं ओळखू येतात. त्यांच्या भुवया ओळखू येतात, त्यांच्यासाठी वेगळं संगीत असतं, ती खोलीत आली की दिवे मंद होतात. मी सुजाताला म्हणायचे की खऱ्या आयुष्यात असं संगीत वाजलं असतं तर पोलिसांची गरजच पडली नसती. ती हसायची आणि म्हणायची, अक्का, तू शाळा तपासायला आल्यासारखी टीव्ही बघतेस.

विनोदी कार्यक्रमांवर मात्र माझा जीव होता. त्यातलं पुष्कळसं टाकाऊ असतं हे तेव्हाही कळत होतं. पुरुषानं साडी नेसून ठुमकत यायचं, बायकोच्या जाडीवर बोलायचं, गावाकडच्या माणसाला बावळट करायचं आणि बाजूला बसलेल्या परीक्षकांनी खुर्चीवरून पडेपर्यंत हसायचं. तरी एखादा नट असा निघायचा की मन भरून जावं. एकानं एसटीतल्या कंडक्टरचं काम केलं होतं. उतारूंवर खेकसणारा, आणि शेवटच्या थांब्यावर रिकाम्या गाडीत एकटाच पाय सोडून बसलेला. अण्णा त्या वेळी हसता हसता गप्प झाले. विनोद असाच असावा असं मला वाटतं. दिवसभर शाळेत घसा कोरडा करून आल्यावर ते हसणं अंगावरून पाण्यासारखं वाहायचं.

सुजाताच्या फोनमध्येही मागून हसणं ऐकू यायचं. आमच्याकडं लागलेलाच कार्यक्रम तिच्याकडंही चालू असायचा. सतीश बघत बसलेला असायचा. एकच हशा माझ्या खोलीतून आणि फोनमधून, मागंपुढं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. ती आपली मालिका बघते कधी, हा प्रश्न मात्र मला पडायला हवा होता, असं आता कुणीही म्हणेल. तिच्या घरात टीव्ही एकच होता. पण फोनवर मालिका बघणारे आजकाल कितीतरी आहेत.

त्या सुगीला तिच्या गोष्टी बदलल्या.

मालिकेची नायिका हेमांगी. आधी तिच्या गोष्टीत दागिन्यांची चोरी, बदललेले रिपोर्ट, परत आलेली जुळी बहीण असलं सगळं असायचं. पोळ्यानंतर केव्हातरी ते सगळं कमी होत गेलं. हेमांगीचा नवरा फार प्रेमळ आहे, असं सुजाता सांगू लागली. तो तिला कुठं एकटीला जाऊ देत नाही. तिच्या मैत्रिणी घरी आल्या की त्यांना इतकं हसवतो, आणि त्या गेल्या की त्यांच्या अशा नकला करतो, की तिला पुन्हा त्यांच्याकडं सरळ बघताच येत नाही. मग मैत्रिणी येईनाशा होतात. तिचा फोन तो आपल्याजवळ ठेवतो आणि बोलताना शेजारी बसतो. प्रेमानं.

एकदा म्हणाली, आज हेमांगीचं ताट उचलून ठेवलं. भाजीत मीठ जास्त झालं म्हणून. तो ओरडला नाही. त्यानं बातम्या दिल्यासारखा आवाज काढून 'आजची ठळक बातमी, बाईसाहेबांचा उपवास' असं म्हटलं आणि ताट आत नेलं. दुसऱ्या दिवशीही नेलं.

मी त्या वेळी काय केलं असेल? मी त्या मालिकेच्या लेखकाचं कौतुक केलं. मनापासून केलं. मला वाटलं, वाहिनीनं जुना लेखक काढून एखादा नवा, शहाणा माणूस आणला असावा. गडगडाट नाही, वटारलेले डोळे नाहीत. साध्या घरातल्या साध्या वस्तू, आणि तरी ऐकत राहावंसं वाटणारं. मी अण्णांनाही सांगितलं की सुजाताची मालिका सुधारली बरं का. अण्णा म्हणाले, असलं बघवत नाही, आपलं हसण्याचंच लाव.

दसऱ्याच्या आसपास परतीच्या पावसानं जोर धरला होता. हदगावकडं कापूस भिजल्याच्या बातम्या होत्या. आमच्याकडं खळ्यावरच्या सोयाबीनच्या ढिगाला कोंब फुटले होते आणि शाळेच्या रस्त्यावर सगळीकडं कुबट, आंबूस वास भरून राहिला होता. त्या संध्याकाळी सुजाताचा फोन आला. तिचा आवाज नेहमीसारखा गोष्ट सांगणाऱ्या माणसाचा नव्हता. एकेक शब्द जपून ठेवल्यासारखी बोलत होती.

हेमांगी गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन जिना उतरत होती, असं तिनं सांगितलं. नवरा मागं होता. त्यानं ढकललं. जोरात नाही, खांद्याला बोटं लावल्यासारखं. मग स्वतःच धावत खाली आला, तिला उचललं, आणि आवाज ऐकून आलेल्या शेजाऱ्यांना म्हणाला की बाईसाहेबांना आज उडायचं होतं. शेजारी हसले. पायाला सूज आली, पण दवाखान्यात नेलं नाही. घरीच हळदीचा लेप लावला. लावताना तो गाणं म्हणत होता.

मी म्हणाले, "आता फारच बरं लिहायला लागलेत गं तुझे लोक."

फोनमध्ये मागून हशा आला. आमच्या टीव्हीतून तो थोडा उशिरा आला.  सुजाता म्हणाली, "हाव अक्का. तू बघत जाय ना एकदा."

तिनं कधी मला मालिका बघ म्हटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी अण्णांकडून रिमोट मागून घेतला.

मालिका सुरू झाली. बंगला तोच होता, सुजातानं वर्षानुवर्षं सांगितलेला. हेमांगी आली. हिरव्या भरजरी साडीत, नाकात नथ, हातात आरतीचं तबक. चालत आली. तिच्या पायाला काहीही झालेलं नव्हतं. घरात कसलासा सोहळा होता आणि सगळे तिच्या नवऱ्याची वाट बघत होते. तो परदेशात होता. बोलण्यातून कळत गेलं की तो तिथं हरवला आहे, पावसाळ्यापासून त्याचा पत्ता नाही. म्हणजे ढकलायला, ताट उचलायला, फोन जवळ ठेवायला त्या बंगल्यात कुणी नवरा नव्हताच.

जाऊबाईंच्या चेहऱ्यावर प्रकाश पडला, गडगडाट झाला, चेहरे एकेक करून दिसू लागले. मी टीव्हीसमोर उभी होते. मागून अण्णांनी विचारलं की काय झालं.  मी सांगितलं. अण्णा मोठ्या कष्टानं खुर्चीवरून उठले आणि विनाकारण बाहेरच्या दाराची कडी लावून आले.

तेवढ्यात फोन वाजला. "जयभीम अक्का. जेवलीस का?" आणि तिनं गोष्ट सुरू केली. मी तिला मधेच थांबवलं. मला माझा आवाज नेहमीसारखा ठेवायचा होता. शाळेत अधिकारी आले की ठेवते तसा.

"सुजाता, त्या हेमांगीला माहेर हाय का गं?"

"हाय की."

"मग ती त्यांना सांगत का न्हाई?"

"कशी सांगंल? नवरा शेजारीच बसून राह्यतो ना."

"मग माहेरचं कुणी यावं का आता?"

मागं हशा झाला, टाळ्या झाल्या. ती म्हणाली, "बघणाऱ्या लोकायला तरी वाटून राहिलं की यावं."

"मग येतील," मी म्हणाले. "उद्याच्याच भागात येतील."

त्यानंतर फोनमध्ये काहीतरी घासल्याचा आवाज झाला आणि सतीश बोलू लागला. खुशीत होता. म्हणाला, अक्का, तुम्ही दोघी बहिणी आता मालिकाच लिहा, तुमच्यापुढं ते मुंबईवाले काय. मग त्यानं माझी नक्कल करून दाखवली, मी वर्गात पोरांना दटावते तशी. माझ्याच आवाजात माझ्याशी बोलला. मी हसले. हसावं लागलं. 

सकाळी मी आणि अण्णा निघालो. मी एकटी जाते म्हटलं तर त्यांनी ऐकलं नाही. नांदेडला गाडी बदलली. रस्त्याकडेला कापसाची बोंडं पावसानं काळी पडून झाडावरच लोंबत होती. अण्णांनी सगळ्या वाटेत एकच गोष्ट विचारली, लग्नाआधी आपण कुणाकडं चौकशी केली होती. मी नावं सांगितली. ती सगळी चांगली माणसं होती आणि सगळ्यांनी एकच सांगितलं होतं की मुलगा लई गमतीचा आहे.

दारात सतीशनंच स्वागत केलं. अण्णांच्या पाया पडला, माझ्या हातातली पिशवी घेतली. टीव्ही चालू होता, कुठल्याशा विनोदी कार्यक्रमाचे जुने भाग. सुजाता आतून पाणी घेऊन आली. ती वाळली होती, पण मला आधी दिसला तो तिचा पाय. डावा पाय ती आधी ठेवायची आणि मग उरलेलं अंग त्याच्या मागं ओढून आणायची. सतीश बोलत होता. नांदेडच्या बसस्थानकावरच्या हमालाची नक्कल, दुकानात आलेल्या एका बहिऱ्या गिऱ्हाइकाची नक्कल. आणि काय सांगू, अण्णांना हसू आलं. ते मनात काय घेऊन आले होते मला माहीत आहे, तरी आलं. तो माणूस इतका चांगला करायचा.

मी म्हणाले की अण्णांची तब्येत बरी नसते, सुजाताला थोडे दिवस घेऊन जाते.

"न्या की," सतीश म्हणाला. "तिला यायचं असंल तर न्या. विचारा तिला." आणि तिच्याकडं बघून तो हसला. नुसता हसला. रागाचा त्या चेहऱ्यावर मागमूस नव्हता.

सुजाता भिंतीला टेकून उभी होती. टीव्हीत लोक हसत होते.  हातातला पेला तिनं खिडकीत ठेवला, दाराशी गेली, चपला घातल्या आणि उंबऱ्याबाहेर जाऊन उभी राहिली. पिशवी नाही, कपडे नाहीत, फोनही नाही.

"अरे, बाईसाहेब निघाल्या पण," सतीश म्हणाला. आणि मग त्यानं तिच्या चालण्याची नक्कल केली. भिंतीपासून दारापर्यंत. डावा पाय आधी टाकून, उरलेलं अंग मागून ओढत, एक हात असाच भिंतीला लावत. हुबेहूब. दुखतं कुठं, वजन कुठं पडत नाही, हे सगळं त्यात होतं. इतकं बारीक बघितलं होतं त्यानं तिच्याकडं.

त्या वेळी मात्र अण्णा हसले नाहीत. ते उठले आणि त्याला हात न लावता त्याच्या बाजूनं निघून बाहेर आले. आम्ही तिघं बसस्थानकाकडं चालू लागलो. मागून तो गल्लीतल्या कुणाशी तरी बोलल्याचा आणि दोघंतिघं हसल्याचा आवाज आला.

गाडीत सुजाता खिडकीशी बसली.  नांदेडला चहा घेताना मी तिला विचारलं की रोजची मालिका ती बघत तरी होती का. ती म्हणाली, "कुठली मालिका अक्का. रिमोट त्यांच्यापाशी. पाऊस लागल्यापासून एक भाग पाहिला न्हाई म्या." म्हणजे हेमांगीचा नवरा हरवला, हेही तिला माहीत नव्हतं. मी सांगितलं. ती चहाचा कप तोंडाशी धरून जराशी थांबली आणि म्हणाली, बरं झालं.

पुढचं थोडक्यात सांगते. पायाचं हाड तुटून वाकडंच जुळून आलं होतं, असं लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. ते पूर्ण बरं झालं नाही. नातेवाइकांची बैठक बसली. सतीश आला, जमलेल्या मोठ्या माणसांपुढं हात जोडून बसला आणि बघता बघता त्यानं ती बैठक हसवली. परत जाताना माझा एक मामा मला बाजूला घेऊन म्हणाला की पोरगी जरा मनाला लावून घेणारी आहे, टीव्ही बघून असं होतं. अण्णांनी त्या मामाशी बोलणं सोडलं. फारकत झाली. ती त्यानं सुखासुखी दिली, आणि मला आजही त्याचीच जास्त धास्ती वाटते. आपल्याला काही गमवावं लागतंय असं त्याच्या चेहऱ्यावर कुठं नव्हतंच.

सुजाताचं डी. फार्म. झालेलं होतं. आता ती औषधाच्या दुकानात कामाला जाते. संध्याकाळी आम्ही तिघं टीव्हीसमोर बसतो. अण्णांनी विनोदी कार्यक्रम आपण होऊन लावायचे सोडले. तिनं कधी म्हटलं नव्हतं. मी म्हटलं होतं की सगळेच तसे नसतात, तो कंडक्टरवाला नट बघ. तिनं बघितला. चांगला आहे म्हणाली. पण हसण्याचा आवाज बंद करून बघितला.

मालिकांबद्दलची तिची मतं आता माझ्यापेक्षा कडक आहेत. अलीकडं एका मालिकेत बायकोला छळणारा नवरा दाखवत होते. नट चांगलं काम करतो म्हणून आमच्या शाळेत सगळ्या बाया त्याचं कौतुक करत होत्या. तो ग्लास फोडायचा, पट्टा काढायचा, डोळे लाल करायचा. सुजाता थोडा वेळ बघून म्हणाली की याच्यापासून कुणीही पळून जाईल, यात काय एवढं. मालिकांतली एकच गोष्ट आपल्याला पटते असंही ती एकदा म्हणाली. पडद्यामागं कुणीतरी उभं राहून ऐकत असतं, ते. खऱ्या घरात कुणी ऐकत नाही.

माझं सांगायचं तर मी अजून विनोदी कार्यक्रम बघते. ती दुकानातून यायच्या आधी, एकटी. पण पूर्वीसारखं ते हसणं अंगावरून वाहून जात नाही. एखादा नट दुसऱ्याची नक्कल करायला लागला की मी त्या नटाकडं बघत नाही. ज्याची नक्कल चालली आहे तो जर तिथंच बसलेला असेल, तर त्याच्याकडं बघते. तो हसतच असतो. कॅमेरा त्याच्यावर असतो तोवर तरी.

आणि आता पुन्हा सुगी आली आहे. पुन्हा उत्तरेकडून ढग, पुन्हा ताडपत्र्या. या महिन्यात एका लांबच्या मावशीचा फोन आला. बोलता बोलता तिनं सांगितलं की सतीशसाठी इस्लापूरला मुलगी बघितली, जवळजवळ ठरलंच. मी फोन ठेवून सुजाताला ते सांगावं की नाही याचा विचार करत होते, पण तिनं माझ्या चेहऱ्यावरूनच विचारलं. सांगितल्यावर ती दुकानात सुटी मागायला गेली. मी म्हणाले, आपलं ऐकतील का ते? सोडलेली बाई म्हणून हुसकावून देतील. ती म्हणाली, "दिलं तर येऊ परत. पण जाऊ."

किनवटकडचा रस्ता त्या दिवशी ओला होता. इस्लापुरात घर विचारत गेलो. मुलीची आई एकटी होती, वडील शेतात होते. आम्ही कोण ते कळल्यावरही तिनं बसायला दिलं, पाणी दिलं. सुजातानं सगळं सांगितलं. या वेळी कुठल्या हेमांगीचं नाव नव्हतं. मला ढकललं, माझं ताट उचललं, असंच ती बोलत होती, दुकानात औषध कसं घ्यायचं ते सांगते तशा आवाजात. बाईनं ऐकून घेतलं. मग तोंड दुसरीकडं करून म्हणाली, "पर माणूस तर लई चांगला वाटला ओ. आला तसा सगळ्या घराला हसवून राहिला. आमचे मालक किती दिसांनी हसले."

मुलगी आतल्या दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ती केव्हा आली ते मला कळलं नव्हतं. नुकतंच शिक्षण झालेलं असावं. तिनं सुजाताच्या पायाकडं बघितलं, मग वर बघितलं.

"ताई, तुमच्यात सुरुवात कशी झाली?"

 सुजाता म्हणाली, "आदी त्यायनं माह्या मैत्रिणीची नक्कल केली. म्या पोट धरून हसले."

मुलीनं आईकडं बघितलं. आई जमिनीकडं बघत होती.

"परवा त्यांनी आमच्या आत्याची केली," मुलगी म्हणाली.

आम्हाला कुणी हुसकावलं नाही आणि कुणी काही कबूलही केलं नाही. गाडीची वेळ झाली म्हणून उठलो. काही दिवसांनी त्याच मावशीचा फोन आला की इस्लापूरची सोयरीक मोडली, मुलीनंच नाही म्हटलं. मला वाटलं, सुजाताला बरं वाटेल. ती पोळ्या लाटत होती. तिनं तवा उतरवला, गॅस बंद केला आणि माझ्या हातातून फोन घेऊन मावशीला विचारलं की आता तो कुठं बघून राहिलाय.

बघतोय, एवढंच मावशीला माहीत होतं. कोणत्या गावात, ते अजून कळलेलं नाही.